सतरा नंबरचा अँकर

इस्पितळामागची उंच भिंत कशाच्या जोरावर उभी आहे, हे ठाऊक असलेली माणसं मोजकीच. सगळे जिला मीटरबाई म्हणत, ती त्यातली एक. भिंतीतून मागच्या टेकडीत खोलवर, भिंतीला धरून ठेवणारे पोलादी तारांचे बेचाळीस अँकर रोवलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्याशी त्यावरचा ताण मोजणारा सेन्सर होता. अकरा वर्षं दर महिन्याला ती शिडी चढायची, मीटर जोडायची, आकडा वहीत टिपायची.

"माझी तब्येत कधी इतक्या आस्थेनं विचारली नाहीस," शिवणकाम करणारा नवरा म्हणायचा.

"तुम्हाला कुठं दुखलं तर तुम्ही सांगता. भिंत सांगत नाही."

सतरा नंबरचा ताण घसरू लागला, तेव्हा तिनं आधी स्वतःवरच शंका घेतली. दुसऱ्या मीटरनं मोजलं, केबल बदलली, सकाळच्या गारव्यात आणि भर उन्हात जाऊन पाहिलं. चार महिने आकडा उतरतच राहिला.

"सेन्सर म्हातारा झालाय, बाई," मुख्य इंजिनियर म्हणाले. "वगळून टाका."

साहेबांशी वाद घालायची तिला सवय नव्हती. ती परतली, पण आठवडाभर तिचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी तिनं सोळा आणि अठरा नंबरचे जुने आकडे काढले. दोन्ही हळूहळू चढत होते. सतरानं अंग काढून घेतलं होतं आणि भार शेजाऱ्यांवर पडत होता.

ती वही घेऊन पुन्हा साहेबांकडे गेली.

"एक सेन्सर बिघडेल, साहेब. पण शेजारचे दोघं त्याच्यासाठी खोटं का बोलतील?"

साहेबांनी तिन्ही पानं दोनदा वाचली आणि अँकर ओढून त्याचा खरा ताण पाहायला जॅक मागवला. पंचेचाळीस टनांचा ताण धरायला हवा होता, तो सतरा नंबर एकोणतीस टनांनाच जागचा हलला. त्याच्या डोक्यावरच्या टोपणाआड पाणी झिरपून तारा गंजल्या होत्या, काही तुटल्याही होत्या. भिंतीलगतचा वॉर्ड तीन आठवडे रिकामा केला आणि शेजारी दोन नवे अँकर रोवले.

काम संपलं त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिला उगाच रडू आलं. नवऱ्यानं मशीन थांबवलं आणि चहा टाकला.

पुढं आकडे थेट ऑफिसात पोचवणारी यंत्रणा बसवायचं ठरलं. "आता शिडी नको," साहेब म्हणाले. तिनं आनंदानं मान डोलावली; गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. पहिले सहा महिने मात्र हातानं घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं, असं तिनं सुचवलं, आणि साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं.