झाकणांवरचे नमुने

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, श्रीखंडाच्या डब्यांवर बटण आणि खिळा का चिकटवलाय?" आजोबा शेजारीच होते. त्यांच्या नजरेबद्दल बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून आता लिहिते.

रिकामे डबे धुऊन त्यांत सुटं सामान ठेवायची माझी जुनी सवय. प्रत्येकावर इंग्रजीत सुवाच्य चिठ्ठी असे आणि त्या नीटनेटक्या रांगेचा मला अभिमान होता. नजर अधू झाल्यावर आजोबा वस्तूवस्तूसाठी मला हाका मारू लागले. मग हाकाही थांबल्या. एकदा बटण तुटलेला सदरा घालून ते तसेच फिरायला गेले. मी रागावले, तर म्हणाले, "अगं, तुला तरी किती वेळा उठवू?"

त्या दिवशी मी चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि ज्या डब्यात जे आहे, त्याचा नमुना झाकणावर चिकटवला. सुयांच्या डब्यावर मात्र दोऱ्याची गाठ. घर आवरायचं ते दिसायला छान म्हणून, असं मी जन्मभर समजत होते. घरातल्या माणसाला हवं ते सापडावं, हे मनातच आलं नव्हतं.

आज सकाळी त्यांची बोटं झाकणं चाचपत बरोबर बटणापाशी थांबली. मी पुढे झाले, तर म्हणाले, "दोरा तेवढा ओवून दे. बाकी लुडबुड नको."

टाके वाकडे आलेत, पण आजोबा आपलं बटण अजून आपणच लावतात.