भोंग्यावरचा मान

आमच्या विद्यापीठात संकटाची सूचना भोंग्यावरून देणारे क्लार्क सुट्टीच्या दिवशी बदनापूर-जाफराबादकडं लग्नांत माईक धरतात. त्यामुळं आधी मानाची नावं, मग मुद्दा. सरावाच्या दिवशी ते कुलगुरूंपासून सुरू झाले आणि आगीपर्यंत पोचेस्तोवर आम्ही चहा पिऊन आलो.

"अहो, आधी आग लागली म्हणा की!" मी वैतागलो.

"सर, नाव न्हाई घेतलं तर माणूस रुसतो. आग कुठं रुसून राह्यली?" म्हणत त्यांनी खिशातला कंगवा काढला. भांग पाडल्याशिवाय ते माईकला हात लावत नाहीत.

परवा पाण्याच्या टाकीवरचं आग्यामोहोळ उठलं. पोरं खाली मैदानात होती. मी ओरडत क्लार्कांच्या खोलीत शिरलो, तर भांग चालू होता. मग माईक घेऊन ते धीरगंभीर आवाजात म्हणाले, "सन्माननीय..."

तेवढ्यात माझ्यामागून आलेली एक माशी त्यांच्या कानाला चावली.

"अगं माय गं, मेलो! माश्या सुटल्या, आत पळा!"

बघता बघता मैदान रिकामं झालं. पोरांपैकी एकालाही माशी चावली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा वाजला. सुजलेल्या कानानं ते बोलत होते, "काल कुलगुरूसाहेबांच्या आधी आमच्या मातोश्रींचं नाव घेतलं गेलं, त्याबद्दल दिलगीर आहे."