कार्डावरच्या दोन सह्या

बेसबॉलचा एकही सामना मी मैदानात बसून पाहिलेला नाही. तरी गेली अठरा वर्षं मी बेसबॉलची कार्डं जमवतो आहे. हे ऐकलं की गावाकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे पत्ते का?" पत्ते नव्हेत. कार्डाच्या पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो असतो, मागे बारीक अक्षरांत त्याची कामगिरी. दरवर्षी नव्या खेळाडूंची नवी कार्डं निघतात आणि ती बंद खोक्यात मिळतात. खोक्यात वीस पाकिटं, एकेका पाकिटात चौदा कार्डं. बहुतेक साधीच. पण खोक्यात निदान एक कार्ड खास असतं. कुणाच्या तरी खऱ्या सहीचं, नाहीतर खेळाडूने घातलेल्या शर्टाचा तुकडा आत बसवलेलं. ते कुणाचं आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही.

हा नाद मला माझ्या अर्बाबांनी लावला. अर्बाब म्हणजे मालक. इथे आखातात, गाला नावाच्या भागात, त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, जिने, गोदामांचे सांगाडे असं काम. मी बुलढाण्याकडचा. डिप्लोमा करून बावीस वर्षांपूर्वी इथे ड्राफ्ट्समन म्हणून आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'मोहंदिस' म्हणून हाक मारली. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी घाबरून म्हटलं, "अर्बाब, मैं सिर्फ डिप्लोमा हूँ."

"ड्रॉइंग तू बनाता है ना? तो फिर," ते म्हणाले आणि विषय संपला.

त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती, इंग्रजीही. तरुणपणी ते दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होते. ज्या घरात भाड्याने राहायचे, तिथल्या म्हाताऱ्याने त्यांना बेसबॉलची गोडी लावली. परत आल्यावर खेळ बघायला मिळेना, म्हणून ते वर्षातून एकदा तिकडून कार्डांचं खोकं मागवायचे. खोकं आलं की गुरुवारी काम संपल्यावर मला केबिनमध्ये बोलवायचे. एक पाकीट ते फोडणार, एक मी. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. माझ्याच रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या मागे आकृत्या काढून त्यांनी मला तो खेळ शिकवला. सुरुवातीला मी माझी कार्डं त्यांच्यापुढे ठेवून निघायचो. एका वर्षी ते म्हणाले, "तूने खोला, तो तेरा." त्या दिवशी घरी एकशे चाळीस कार्डं आणली आणि बायकोच्या कपाटातला खालचा खण गेला. पुढे मीही माझं खोकं मागवायला लागलो. कार्डं घालायच्या पातळ पिशव्या, भारी कार्डांसाठी जाड प्लास्टिकची पाकिटं, सगळं आलं.

तीन वर्षांपूर्वी अर्बाबांची स्मरणशक्ती जायला लागली. आधी एकच पत्र दोनदा मागवून घ्यायचे. मग एकदा वर्कशॉपच्या फाटकात गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "ये किसका है?" मला वाटलं, आत उभ्या असलेल्या ट्रकबद्दल विचारतायत. त्यांना वर्कशॉपच म्हणायचं होतं. त्यानंतर त्यांचा मुलगा ऑफिसात बसायला लागला. मी त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेलं आहे. शांत मुलगा. पहिल्या आठवड्यात तो वडिलांच्या खुर्चीवर बसलाच नाही, बाजूला दुसरी मांडून घेतली.

या वर्षी माझं खोकं आलं तेव्हा मी ते घरी फोडलं नाही. अर्बाबांच्या मुलाला फोन केला आणि विचारलं, त्यांच्याकडे आणू का? तो म्हणाला, "शुक्रवारी अस्रच्या नमाजानंतर, चारच्या सुमाराला या. कदाचित त्यांना आठवेल."

शुक्रवारी सकाळी, मी राहतो त्या सीबमधली आमची सात-आठ कुटुंबं एकाच्या घरी बुद्धवंदनेला जमतात, मग जेवण. त्या दिवशी मी जेवून लगेच उठलो. अर्बाबांचं घरही सीबलाच, जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, समुद्राच्या बाजूला. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, ते गादीवर टेकून बसले होते. अंगात पायघोळ दिशदाशा, पांढरीशुभ्र, दाढी नीट केलेली. मुलाने त्यांना स्वतः तयार केलं असावं. मी सलाम केला, हात हातात घेतला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "आओ रफीक, बैठो."

रफीक म्हणजे दोस्त. पण इथे दुकानातल्या, पेट्रोल पंपावरच्या, ज्याचं नाव माहीत नाही अशा कुठल्याही भारतीय माणसाला रफीक म्हणतात. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही रफीक म्हटलं नव्हतं. मी बसलो. मुलाने काहवा, त्यांची कॉफी, ओतला, खजूर पुढे केले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी खोक्यावरचं प्लास्टिक काढलं. एक पाकीट त्यांच्या हातात दिलं, एक मी घेतलं. त्यांना पाकीट फाडता येईना, बोटं घसरत होती. मी कोपरा फाडून दिला. कार्डं बाहेर आली तशी त्यांनी ती मांडीवर पसरली आणि एकेक उचलून तोंडाजवळ नेऊन बघायला लागले. त्यांच्या बोटांना खजूर लागलेला होता. नव्या कार्डाला बोटाचा ठसासुद्धा उमटू नये म्हणून आम्ही दोघं कडांना धरायचो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आता एका कार्डाचा कोपरा त्यांनी नखाने दुमडला.

"ये कौन है?" ते प्रत्येक कार्डावर विचारायचे. मी नाव वाचायचो. "नहीं, नहीं. वो किधर है? वो लंबा वाला?"

लंबा वाला म्हणजे त्यांच्या अमेरिकेतल्या दिवसांतला एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्या होत्या. मी सांगितलं, "अर्बाब, ये सब नए लड़के हैं. इस साल वाले." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या कार्डावर पुन्हा तेच विचारलं. मुलगा त्यांना अरबीत म्हणाला, "बाबा, तो आता खेळत नाही." त्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मुलाने पुढचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

चौदाव्या पाकिटात ते खास कार्ड निघालं. ते माझ्या हातातल्या पाकिटात होतं. एक कोवळा पिचर, पहिल्याच वर्षाचा, आणि फोटोखाली निळ्या शाईत त्याची स्वतःची सही. काठ सोनेरी. खाली छापलेलं होतं की अशी पंचवीसच कार्डं काढली आहेत आणि हे त्यातलं नववं. अठरा वर्षांत माझ्या हाती एवढं चांगलं कार्ड आलं नव्हतं. जाड प्लास्टिकचं पाकीट मी सोबत आणलं होतं. पण मला वाटलं, आधी अर्बाबांना दाखवू. मी ते त्यांच्यासमोरच्या तिवईवर ठेवलं.

त्यांनी सही बघितली. बराच वेळ बघत राहिले. मग पाठ सरळ केली आणि हात पुढे करून म्हणाले, "कलम."

आणि मी दिलं. खिशातून काढलं, टोपण काढलं, आणि दिलं. बावीस वर्षं मी त्यांच्यापुढे पत्रं ठेवत आलो होतो. ते "कलम" म्हणायचे आणि मी द्यायचो. काय होतंय हे मला कळलं तेव्हा पेन कार्डावर टेकलेलं होतं. मी हात पुढे केलासुद्धा, पण अर्बाबांच्या मनगटाला धरायचं कसं? त्या पिचरच्या सहीखाली त्यांनी आपली पूर्ण सही केली. उजवीकडून डावीकडे, न थांबता, शेवटचा मोठा फराटा आणि त्याखाली दोन ठिपके. अगदी पूर्वीसारखी.

"खलास," ते म्हणाले आणि पेन मला परत दिलं.

माझं लक्ष कार्डावर होतं, पण मुलगा उभा राहिला होता. तो म्हणाला, "चार महिने." मला समजलं नाही. त्याने सांगितलं, बँकेच्या एका कागदावर वडिलांची सही हवी आहे. ती झाली तर घरचे आणि वर्कशॉपचे व्यवहार त्याला बघता येतील. नाहीतर कोर्टात जाऊन, यांना आता समज उरलेली नाही, असं वडिलांबद्दल न्यायाधीशासमोर बोलावं लागेल. तेच त्याला नको होतं. चार महिने रोज कागद पुढे ठेवला, पण त्यांचा हात रेघसुद्धा ओढत नव्हता.

तो पळतच आत गेला आणि कागद घेऊन आला. "तुम्ही ठेवा," तो मला म्हणाला. "मी ठेवला की करत नाहीत. तुम्ही ठेवा, ऑफिसात ठेवायचात तसं."

हे बरोबर नाही, असं मला वाटत होतं. त्यांना काय कळणार होतं कागदातलं? पण मुलाचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही. मी कागद तिवईवर ठेवला, सहीच्या जागी बोट टेकवलं आणि पेन पुढे धरलं. "अर्बाब, इधर."

त्यांनी कागद उचलला. उलटा केला, मागे बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"इसमें फोटो नहीं है," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात देऊन पाय पसरून बसले.

मुलाने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग मी. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेन खिशात घातलं. मुलगा तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक. अर्बाब त्याला म्हणाले, "इन्शाल्ला, इन्शाल्ला," कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नसावं.

उरलेली सहा पाकिटं मी घरी आणली. बायकोने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता चहा टाकला. मग सगळं ऐकल्यावर म्हणाली, "अहो, ते कार्ड तिथेच ठेवून यायचं ना. त्या पोराकडे."

"सुचलं नाही," मी म्हटलं. खरं तर सुचलं होतं. पण एवढं वाट बघून आलेलं कार्ड, वर सही करून खराब झालेलं, तरीही माझ्याच्याने सोडवेना. आणि ते खराब झालं असं तरी म्हणू का, तेही मला ठरवता येत नव्हतं. ती माझ्यासमोर बसली आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर पाकिटं फोडायला लागली. सहाही पाकिटांत साधीच कार्डं होती.

रविवारी ऑफिसात मी ते कार्ड मुलापुढे ठेवलं. त्याने वडिलांच्या सहीवर प्लास्टिकवरूनच बोट फिरवलं. मग माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुमच्याकडेच असू दे. माझ्याकडे राहिलं तर मी रोज बघत बसेन."

शेवटी त्याला कोर्टात जावंच लागलं. त्या सकाळी गाडी मी चालवली, कारण तो म्हणाला की त्याच्याने चालवणार नाही. अर्बाब मागे बसले होते, रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग मोठ्याने सांगत. मला आत जाता येणार नव्हतं, म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आले, मुलाने वडिलांचा हात धरला होता. मी त्याला विचारलं, "झालं?"

"झालं."

जरा पुढे गेल्यावर तो थांबला आणि हळूच, वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "न्यायाधीशांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण आहे ओळखता का? बाबांनी बघितलं, हसले. म्हणाले, चांगला मुलगा आहे, कुणाचा आहे?"

मी गाडीचं दार उघडलं. अर्बाबांना बसवलं, पट्टा लावला. तो वडिलांच्या शेजारी मागेच बसला, आणि अर्बाब पुन्हा रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग सांगायला लागले.