वहीमावशीचं कोरं पान

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, त्यातली शेवटची बारा मुख्य सिस्टर म्हणून. माझा आवाज तीन खोल्यांपलीकडे जायचा. शिकाऊ डॉक्टर मला बघून रस्ता बदलायचे. पण एका बाईपुढे माझं काही चालायचं नाही, आणि ती होती आमची आया. फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, बेडपॅन उचलणारी. तिला सगळे वहीमावशी म्हणायचे.

वही म्हणजे साधी शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची. कोपरे झिजले म्हणून तिने त्यांना ड्रेसिंगची चिकटपट्टी लावलेली. ती कायम एप्रनच्या खिशात. आमचं हॉस्पिटल बंदराला लागून, त्यामुळे जहाजांवर, गोदामांत, बांधकामांवर कामाला आलेल्यांची कुटुंबं आमच्याकडेच यायची. निम्म्या बायकांना आमचं बोलणं कळायचं नाही, आम्हाला त्यांचं. आता खुणा करून पाणी मागता येतं, संडास विचारता येतो. पण बाळ बाहेर यायच्या वेळी खूण बघणार कोण? डोळे गच्च मिटलेले असतात. तेव्हा बाईच्या कानात एकच क्रियापद पडावं लागतं. आपण म्हणतो, कळ दे. जोर लाव. मावशी तेवढंच एक क्रियापद गोळा करायची, जगातल्या जेवढ्या भाषा आमच्या दारात येतील तेवढ्यांतून.

तिची पद्धत ठरलेली होती. बाई दाखल झाली, कळा अजून लांब लांब आहेत, तेव्हाच ती शेजारी जाऊन बसायची, पोटावर हात ठेवून अभिनय करून दाखवायची आणि विचारायची, तुमच्यात काय म्हणतात? बाईला सांगता आलं नाही तर तिच्या आईला, सासूला, बाहेर बसलेल्या कुणा लेकुरवाळीला. नवऱ्यांना विचारायचं नाही, हा तिचा नियम. नवरे गाडी ढकलायचा शब्द सांगतात, असं तिचं म्हणणं, आणि एकदा मी एका नवऱ्याचं ऐकून तोंडघशी पडले होते, म्हणून मी गप्प. शब्द मिळाला की वहीत एक पान. वर भाषा, खाली शब्द आपल्या अक्षरांत. बाळंतपण झालं की त्याच पानावर तीन गोष्टी: मुलगा की मुलगी, वजन, तारीख. बाईचं नाव नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना भाषांचं भारी वेड. जरा सवड मिळाली की त्या मावशीची वही मागून घ्यायच्या आणि आम्हा सगळ्यांना धडा द्यायच्या. इंग्रजीतलं पुश, फ्रेंच बायकांचं पुसे आणि स्पॅनिशवाल्यांचं पुहे या तिघी एकाच आईच्या लेकी म्हणे. आई लॅटिन, अर्थ ठोके देणं. आपण मनगट धरून जी पल्स मोजतो, तीही त्याच घरातली. पोर्तुगीज बाईला म्हणायचं, ताकद कर. इराणी बाईला म्हणायचं, जोर मार. तो जोर तर आपण त्यांच्याकडूनच आणला आणि आपलाच समजून बसलो. जपानी बाईला जे म्हणतात, त्याच्या पोटात श्वास हा शब्द आहे. आणि आपण मराठीत कळ देतो. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बघा, कुणी ढकलतंय, कुणी मारतंय, कुणी श्वास कोंडतंय, आणि तुम्ही देताय. मावशी ऐकता ऐकता बादलीत फडकं पिळत असायची. मी म्हणायचे, बाई, पुरे, तीन नंबरची चादर बदलायचीय.

अडतीस पानं भरली होती. पण पहिलं पान कोरं होतं. मी नवीन होते तेव्हा एकदा त्या पानावर थर्मामीटरचे आकडे टिपायला निघाले, तर मावशीने माझा हात धरला. आया सिस्टरचा हात धरते म्हणजे काय! मी तणतणले. तिने शांतपणे सांगितलं की ते पान राखलेलं आहे. कुणासाठी, ते तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं पुढे चार वर्षांनी, भांडारखोलीत चहा पिताना.

मावशी मूळची आमच्यातली नव्हे. ती लांबच्या एका किनाऱ्यावरची, एवढुशा वस्तीतली, आणि त्यांची भाषा त्यांच्यापुरतीच. अठराव्या वर्षी लग्न होऊन बंदरावर आली. एकोणिसाव्या वर्षी आमच्याच हॉस्पिटलात, आमच्याच वॉर्डात, बाळंतपणाला. आमचं बोलणं तिला ओ की ठो कळत नव्हतं. दोन सिस्टर तिच्यावर ओरडत होत्या. तिला वाटलं, आपण विव्हळतोय म्हणून रागावताहेत. म्हणून पोरीने ओठ चावले, अंग आवळून धरलं आणि हू की चू न करता पडून राहिली. त्या ओरडत होत्या जोर लाव म्हणून, आणि ही होता होईल तेवढं सगळं आत धरून ठेवत होती. पुढे कामाला लागल्यावर तिने रेकॉर्डखोलीतल्या कारकुनाच्या पाया पडून आपला कागद काढून घेतला होता. तो मला दाखवला. मुलगी, दोन किलो सहाशे, मृत. खाली शेरा: रुग्णाने सहकार्य केले नाही.

त्या दिवशी माझा चहा तसाच निवला. मी किती जणींवर तशी ओरडले असेन, त्याची मोजदाद नाही.

पुढे मूल झालं नाही. नवरा गोदीवरच्या अपघातात गेला. आणि कुणी विचारलं, मावशी, लेकरं किती, तर ती म्हणायची, नाहीत.

मग मी विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात ते लिही की पहिल्या पानावर. ती म्हणाली, मला माहीतच नाही. त्यांच्यात तो शब्द मूल न झालेल्या बाईसमोर उच्चारत नाहीत. पोरींना तो पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःच्या बाळंतपणात, सुइणीच्या नाहीतर आईच्या तोंडून. तिच्या वेळी आई हजार कोस लांब, आणि वर्षाच्या आत ती गेलीही. बंदरावर त्यांच्यातले दोन-तीन पुरुष होते, त्यांना कुठला ठाऊक? शेवटी तिने गावाकडच्या आपल्या मावशीला पत्र लिहवून पाठवलं. त्या मावशीचं उत्तर आलं: मूल मांडीवर घेऊन ये, मग सांगते. बाळ गेल्याची बातमी तिला कळलेली नव्हती. हिने पुन्हा कुणाला म्हणून विचारलं नाही. मला म्हणाली, माझा हक्कच नाही त्या शब्दावर. मी भांडले तिच्याशी. पण तिच्यापुढे माझं चालत नाही, हे वर सांगितलंच आहे.

तिच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. भर दुपारी दोनच्या सुमाराला एक पोरगी आली, विशीतली, एकटीच. शेजारणीने रिक्षातून आणून सोडलेली. नवरा बोटीवर, आठ दिवस तरी किनाऱ्याला लागणार नाही. बोललेलं एक अक्षर कळेना. फोनवर भाषांतर करतात ना, तेही करून पाहिलं, फोनला ती भाषा ठाऊकच नव्हती. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून, मुठी आवळून, अंग आक्रसून पडलेली. प्रत्येक कळेला बाळाचे ठोके खाली येत होते, आणि कळ गेली तरी वर यायला वेळ लावत होते. ऑपरेशनची खोली दुसऱ्या बाईसाठी चालू, मोकळी व्हायला अर्धा तास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास या बाळाकडे नाही. मावशीने वही काढून एकेक शब्द म्हणायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले. पोरगी ढिम्म. मग ती कळेच्या तडाख्यात काहीतरी पुटपुटली, आणि मावशीच्या हातातली वही खाली पडली.

पोरगी आईला हाका मारत होती, आणि मावशीच्या भाषेत.

मावशी वाकून तिच्या कानाशी बोलायला लागली. चाळीस वर्षं न वापरलेलं बोलणं, अडखळत, पण पोरीने डोळे उघडले आणि तिच्या एप्रनला जी मिठी मारली ती सुटेना. आमच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, देव पावला, आता सांगा तिला. आणि मावशी नुसती उभी. तोंड उघडं, शब्द नाही. डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मला कळलं. सगळी भाषा येत होती तिला. पाणी येत होतं, दुखणं येत होतं, आई येत होतं. तेवढा एक शब्द येत नव्हता. तिने पोरीलाच विचारलं. पोरगी पहिलटकरीण, तिलाही कुणी सांगितलेला नव्हता.

ठोके नव्वदवर आले. मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाही. मी मावशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तो शब्द राहू दे. दुसरा कुठलाही सांग, पण तिला कळेल असा."

मावशीने पोरीचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले आणि सांगायला लागली. काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. त्यांच्या किनाऱ्यावर होडी वाळूत रुतली की सगळी वस्ती जमायची, बाया, पोरीबाळी सुद्धा. लाट येईपर्यंत थांबायचं. लाट होडीखाली शिरली की सगळ्यांनी मिळून रेटायचं. त्यासाठी एक आरोळी होती, ती पोरीबाळींना चालायची. मावशी म्हणाली, होडी रुतलीय. लाट येतेय, थांब. आली. आणि ती आरोळी ठोकली. हॉस्पिटलात इतक्या वर्षांत तिचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी जिन्यापर्यंत गेला. पोरीने मान छातीला लावली, पाय रोवले आणि असं रेटलं की काय सांगू. चार लाटा लागल्या. चौथ्या लाटेला बाळ डॉक्टरीणबाईंच्या हातात. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता, तो त्यांनी सोडवला. क्षणभर सामसूम, आणि मग ते रडलं. मीही रडले. कुणी बघितलं असेल तर खुशाल बघू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीचं ब्लडप्रेशर घेत होते. ती फोनवर आईशी बोलत होती, बाळ कुशीत. मावशी पलंगाखालून फडकं फिरवत होती. पोरीने तिला हाक मारून फोन तिच्या हातात दिला. पलीकडे तिच्या म्हाताऱ्या आईचा आवाज, घोगरा. दोघी बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मावशीचा चेहरा बघून मी पट्टा फुगवायची थांबले. मध्येच मावशीने काहीतरी विचारलं, अगदी हळू. पलीकडून एक लहानसा प्रश्न आला. आणि मावशी पलंगाच्या कडेला बसली. चाळीस वर्षांत ती कधी पेशंटच्या पलंगावर बसलेली नव्हती. कसंबसं ती दोन शब्द बोलली. मग फोन कानाला घट्ट लावून डोळे मिटून ऐकत राहिली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला धरलंच. काय विचारलं म्हातारीने? मावशी म्हणाली, शब्द सांगायच्या आधी विचारावंच लागतं, तिने विचारलं, तुला लेकरं किती?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एक. मुलगी."

म्हातारीने ती मुलगी कुठे असते, काय करते, काही विचारलं नाही म्हणे. एवढंच उत्तर हवं होतं तिला. लगेच शब्द सांगितला.

मावशीने वही काढली, भिंतीला टेकून पहिल्या पानावर लिहिलं. मी मान लांब केली, तर तिने वही मिटली. म्हणाली, सिस्टर, तुमचं लग्न नाही, मूल नाही, तुम्हाला कसं दाखवू? माझं डोकंच फिरलं. हजारो बाळं या हातांनी बाहेर काढली, आणि मला दाखवत नाही! दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. ती आपली हसत फरशी पुसत राहिली.

जाताना वही वॉर्डातच ठेवून गेली. मुख्य सिस्टरच्या टेबलाच्या वरच्या खणात ती आजही आहे, आता त्रेपन्न पानं झालीत. नव्या पोरी रोज उघडतात. पहिलं पान मावशीने मधोमध दुमडून, शब्द आत ठेवून, कडा टाके घालायच्या काळ्या दोऱ्याने शिवून टाकलंय. टाके सुरेख, एकसारखे. शब्द मी अजून पाहिलेला नाही. माझ्या हाताशी कात्री नव्हती असं नाही.

पण घडीच्या बाहेरच्या बाजूला, इतर पानांवर असतं तसंच, तिने लिहून ठेवलंय. तारीख तेव्हाच्याही एक्केचाळीस वर्षं आधीची. मुलगी. दोन किलो सहाशे.