मेडिकलपुरता अलूणा

सिल्वासाजवळच्या दुधणीच्या तलावाचे फोटो धाकट्या भावाने, दिनेशने, इतक्या वेळा पाठवले की दिवाळीच्या सुट्टीत मी बॅग भरलीच. जाणाऱ्यांसाठी सांगते: धुळ्याहून नाशिक आणि तिथून पेठ-कपराड्याचा रस्ता धरा. घाट देखणा आहे, खड्डेही देखणे आहेत. वाटेत धड जेवण मिळत नाही, दशम्या बांधून न्या. सिल्वासाहून राखोलीला शेअर रिक्षा असतात, पण माणसं कोंबून झाल्याशिवाय हलत नाहीत.

दिनेश राखोलीला खोली घेऊन राहतो आणि तिथल्याच एका कारखान्यात फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणारी गाडी, चालवतो. पहिल्या संध्याकाळी सरलाने, त्याच्या बायकोने, भरीत केलं होतं. घास घेतला तर अळणी! मी मिठाची बरणी मागितली.

"तुमच्या पानात घ्या ताई, यांच्या नको. यांचा अलूणा चालू शे," सरला म्हणाली.

अलूणा म्हणजे गुजरातेत मुली चांगला नवरा मिळावा म्हणून आषाढात पाच दिवस बिनमिठाचं जेवतात ते व्रत. मला हसू आलं. दिनेशला कुठला नवरा हवा होता? मग कळलं. दोनच दिवसांनी कारखान्याचं वार्षिक मेडिकल होतं. बीपी जास्त निघालं तर गाडीवरून उतरवतात, मग ओझी उचला नाहीतर घर गाठा. म्हणून लाइनवरची सगळी माणसं आधी आठवडाभर मीठ सोडतात.

"आणि गोळी?" मी विचारलं. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याला रोजची गोळी सांगितली होती.

"गोळी घेतो असं कळलं तर पेशंट ठरतो ना ताई. अलूणा बेस्ट. सगळे करतंस."

दुसऱ्या दिवशी दुधणीला गेलो. खानवेलवरून रस्ता हिरवागार आहे, सकाळी लवकर निघा आणि बोटीचा भाव आधी ठरवा. पाणी पाहून डोळे निवतात. माझे निवले नाहीत, कारण दिनेश सारखा मान चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "गाडीचे झटके लागतंस, बाकी काही नही." वय छत्तीस. मला बोटीतून उडी मारावीशी वाटत होती, त्याच्यासकट.

मेडिकल झालं. दुपारी फोन आला, "ताई, पास! चल, खानावळीत जेवू." कारखान्याच्या गेटसमोर पत्र्याची खानावळ आहे. पास झालेले सगळे तिथेच जमले होते. ताटात डोंगराएवढा भात, पाण्यासारखी डाळ, बटाट्याच्या चार फोडी, लोणचं, तळलेली मिरची, पापड आणि छास, म्हणजे मीठ घातलेलं ताक. डाळीचा घोट घेतला आणि जीभ चरचरली. शेजारच्या बाकावरचा माणूस त्याच डाळीवर वरून मीठ भुरभुरत होता.

मालकाला विचारलं, "भाई, इतकं मीठ?"

"दीदी, दाल तो ऐसीच आती है इस रेट में. नमक से भात उतरता है. फीका दूंगा तो सामनेवाले के पास जाएंगे."

म्हणजे डाळ परवडत नाही, भाजी परवडत नाही, म्हणून मीठ! पोट भरल्यासारखं करायचं, आणि त्याची किंमत यांच्या मूत्रपिंडांनी, हृदयांनी, मेंदूंनी चुकवायची. कारखाना म्हणणार, आमची सगळी माणसं ठणठणीत, कागदावर बघा. मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही का, एका आठवड्यात अख्खी लाइन कशी सुधारते ते? दिसतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! माझा तोल गेला. मी दिनेशच्या हातातली छास काढून घेतली.

"आठ दिवस अळणी खाल्लंस की जन्मभर पुरतं का रे?"

सगळा बाक हसला. दिनेश ओशाळला, मग चिडला. "बीपी दाखवू तर गाडी जाईल ना! पोरीची फी तू भरशील का?" त्याने ग्लास परत घेतला आणि संपवला. धुळ्याला निघताना मी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट विकत आणून सरलाच्या हातात ठेवलं. तिने ते तांदळाच्या डब्यात लपवलं.

घरी येऊन आठवडा झाला. तुम्ही जाल तर दुधणी बघाच, खरंच सुंदर आहे. पण माझ्या डोक्यातून ती डाळ जात नाही. सायली, राखोली, गलोंडा, सगळीकडे कारखान्यांच्या गेटसमोर अशा खानावळी आहेत, आणि तिथे जेवणारी तिशीतली माणसं पन्नाशीत कुठे जातात हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

काल उत्तर मिळालं. आमच्या मागच्या गल्लीत सुकदेवभाऊ राहतात. पंधरा वर्षं सिल्वासात मशीन चालवून गेल्या साली गावी परतले. परतल्यावर सहाच महिन्यांत डावी बाजू गेली. ओट्यावर बसलेले दिसले, म्हणून जवळ जाऊन विचारलं, "भाऊ, तिकडे मेडिकलला कधी नापास झाला होतात का?"

त्यांनी धडधाकट हाताने छाती ठोकली. तोंडाच्या एका बाजूने मोठ्या अभिमानाने म्हणाले,

"एकदा बी नही, ताई. कायम पास."