भोंग्यातला माझा आवाज

यंदा मांजरी गावातल्या चुलतभावाला मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता. त्याच सकाळी कर्वेनगरच्या कॉलेजात दोन तास शिकवून आलो होतो.

मी मराठी शिकवतो. आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणि एवढ्याशा भांडवलावर गावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचं निवेदन बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मध्ये कोर्टाच्या बंदीनं शर्यती थांबल्या, तेव्हा मी स्टाफरूममध्ये "बरं झालं" म्हणालो. बंदी उठल्यावर भावाचा फोन आला आणि मी इस्त्रीचा कुर्ता घालून मंचावर हजर. दोन्हीकडे माझं कौतुकच झालं.

मंच उंच असतो, तिथून सगळं दिसतं. गाडा सुटण्याआधी बैलाची शेपूट पिरगाळणारा दिसतो, ती दातांनी चावणारा दिसतो, मुठीत खिळा लपवलेला दिसतो. नियमात यातलं काहीच बसत नाही. मला दिसायचं आणि नेमका तेव्हाच मी आवाज चढवायचो. "ही आपली परंपरा! हे बैलावरचं प्रेम!" खाली शिट्ट्या, भंडारा, धुरळा. बैलाच्या तोंडाला फेस, डोळ्यांची पांढरी कड बाहेर आलेली. ज्याला पळायची हौस आहे त्याला खिळा कशाला लागतो? वर्गात विचारलं असतं तर पोरांनी चटकन उत्तर दिलं असतं. मी कुठंच विचारलं नाही.

भावाकडे एक पांढरा खिलार बैल होता. भाऊ त्याला दूध पाजायचा, अंडी खाऊ घालायचा. मी गेलो की तो माझ्या हातून गूळ खायचा आणि खरखरीत जिभेनं तळवा पुसून काढायचा. गेल्या वर्षीच्या शर्यतीत तो पळता पळता कोसळला. पुढचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला मला मंचावरून स्वच्छ दिसला. भाऊ त्याच्याजवळ उभा राहून माझ्याकडे बघत दोन्ही हात हलवत होता. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या टोकाला, गाडे सुटतात तिथं बसलेले. मधल्या गर्दीतून त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. कळलं असतं तर फक्त भोंग्यातून.

यात्रा कमिटीतले एक जण माझ्या कानाशी आले. "सर, बोलत राहा. आता थांबलो तर पब्लिक आवरायचं नाही."

मी बोललो. "काळजी नसावी मंडळी! बैल जरा घसरला आहे, दम खातो आहे. दुपारची वेळ आहे, पुणेकर आहे, वामकुक्षी घेऊ द्या त्याला. पुढचा गाडा तयार ठेवा!"

लोक खदखदून हसले. माझा आवाज आला तसे बैलानं भोंग्याकडे कान टवकारले. त्यानं मला ओळखलं वगैरे म्हणून मी स्वतःचे लाड करणार नाही. आवाज आला की कुठलंही जनावर कान वळवतं. पण वळवले.

त्याला ओढत उसाच्या कडेला नेऊन टाकलं. डॉक्टर पोचेपर्यंत कितीतरी गाडे पळून झाले होते. मग टेम्पो आला. कुठं नेला, मी विचारलं नाही. संध्याकाळी माझा सत्कार झाला. नारळ घरी आणला, त्याची चटणी केली. चांगली झाली होती.

म्हणून यंदा घसा बसला. यात्रेच्या संध्याकाळी मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाबा, तू तर घरी आहेस. मग हा कोण?" व्हिडिओत उधळलेले बैल, धुरळा, आणि त्यावर भोंग्यातून मी: "ही आपली परंपरा!"

मी भावाला फोन लावला. "दादा, माझा आवाज लावलास?"

"मग? तुझा घसा बसला म्हनून गावाचा बसायचा व्हय? मागच्या सालचं रेकॉर्डिंग हाय. झ्याक चाललं. त्याला चहाबी लागत न्हाई आन् शालबी."

"ते काढून टाक."

"का रं?"

"घसा बसला नव्हता. गेल्या वर्षी बैलाचा पाय मोडलेला मी बघितला होता. तुझे हातपण बघितले होते."

मग तो सावकाश म्हणाला, "मी घरात समद्यांस्नी सांगत आलो, त्यो लांब हुता, उन्हात त्याला दिसलं नसंल. न्हाईतर त्यानं डॉक्टरला हाक मारली असती."

"दिसलं होतं, दादा."

"मग आता कशाला सांगतूस?"

"आणखी कुणाचा पाय मोडायला नको म्हणून. हे सगळं बंद व्हायला पाहिजे. निदान तू तरी आता बैल उतरवू नकोस."

तो हसला. तसा हसताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "मंचावर बसून पळिवलंस, आता घरी बसून थांबिवतूस. बरं हाय की तुझं. रेकॉर्डिंग काढतो. दुसरा मानूस बघतो." फोन बंद झाला.

त्यानं शब्द पाळला. थोड्या दिवसांनी मुलीनं शेजारच्या गावातल्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. भावाचा नवा बैल होता, निवेदकही नवा. तरुण, दमदार आवाजाचा. एक बैल धडपडून खाली गेला आणि उठला नाही. निवेदक क्षणभर थांबला. मग भोंग्यातून आलं, "काळजी नसावी मंडळी, बैल दम खातो आहे."