बायकोची किडनी, मेहुण्याची बाटली

स्वतःच्या लघवीवर माझ्या मेहुण्याइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. ओमानमधल्या सहम गावी शेतांवर पाण्याचे पंप बसवणारा हा इंजिनिअर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, आपली एक त्याला दिली. तेव्हापासून त्या किडनीचं नाव ‘ताई’. रोज संध्याकाळी मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटवर त्याचा फोन. “जय भीम, दाजी! ताईनं आज तीन लिटर काढलं!” मी ‘हं’ म्हणून फोन खऱ्या ताईकडे द्यायचो. मग अर्धा तास त्या तीन लिटरचा रंग आणि फेस यांवर चर्चा. गाडीत तो सीटबेल्टच्या पट्ट्याखाली पोटाशी उशी धरून बसायचा. स्पीडब्रेकर आला की “यल्ला, थांबवा” असं अरबी-मराठीत म्हणून उतरायचा, तेवढा पायी ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा गाडीत. मागून हॉर्न वाजले, तर हात जोडून पोटाकडे बोट दाखवायचा. कुणी बिअर पुढे केली तर, “माझी ना नाही हो, ताईला विचारा,” आणि खरंच माझ्या बायकोकडे बघायचा.

लोक हसायचे, मीही हसायचो. पण जळायचोही. किडनी देताना बायकोनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. माझं बीपी वाढलं तर “मीठ कमी खा” एवढंच. त्याला शिंक आली की बाई सहमला निघाल्या.

पुढे मस्कतच्या एका हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी चालवून पाहायला घेतली. ती मला मेहुण्यानंच समजावली. “रक्तात क्रिएटिनिन वाढणं म्हणजे पंप जळाल्यावर पेटणारा दिवा, दाजी. तोवर किडनीत व्रण पडून खलास! ही तपासणी म्हणजे चालत्या पंपाला कान लावणं. पेशी दुखावल्या की काही प्रथिनं लघवीत सांडतात. ती वेळेवर सापडली तर औषध बदलून ताईला वाचवता येतं.” दर तीन महिन्यांनी नमुना द्यायचा. मी कामासाठी सहमच्या बाजूला जायचोच, त्यामुळे बर्फाच्या डब्यातून त्याची बाटली मस्कतला आणणं माझ्याकडे आलं. गरम झाली तर नमुना वाया, हे त्यानं मला पन्नासदा बजावलं होतं.

एका जूनमध्ये बाटली घेऊन परतताना वाटेत खाबुऱ्याच्या बाजारात सुरमई घेतली. शुक्रवारी तो जेवायला येणार, म्हणून बायकोनंच सांगितली होती. मासळीवाल्याकडचा बर्फ संपलेला. मी डब्यातला सगळा बर्फ सुरमईवर ओतला. बाटलीचं ध्यानात राहिलं नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ध्यानात होतं.

मस्कतला पोचेपर्यंत बाटली चहासारखी गरम. हॉस्पिटलच्या संडासात ती ओतून दिली, विसळली आणि माझीच भरली. बायकोची भीती होतीच. पण एकदा तरी घरात माझ्या लघवीचं कौतुक होऊ दे, हेही मनात आलं.

कौतुक झालं! “ताई तरुण झाली!” तो फोनवर ओरडला. बायकोनं पुरणपोळ्या केल्या. मी मुकाट्यानं चार खाल्ल्या. त्या दिवसांत तो समुद्रात पोहला, स्पीडब्रेकरवरून न उतरता गेला.

तीन महिन्यांनी त्याचा खरा नमुना गेला. प्रथिनं भरमसाट. सुई घालून किडनीचा तुकडा काढून पाहिला, तर व्रण. “हे तीन महिन्यांतलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मागच्या वेळी दिसायला हवं होतं. आमची तपासणी अजून कच्चीच.” त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि मी तो घेऊ दिला. औषध बदललं. किडनी आणखी पाच वर्षं चालली, मग थांबली. ते तीन महिने वाया गेले नसते तर ती किती चालली असती, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आता तो नागपूरला असतो, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गेल्या थंडीत मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नळीतल्या रक्ताकडे पाहिलं.

“म्हणजे त्या पोळ्या तुमच्या होत्या?”

“हो.”

“ऑपरेशननंतर न घाबरता जगलो ते तेवढेच तीन महिने, दाजी.” माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. “ताईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

“सांगतो.”

नर्स येऊन मशीनचे आकडे बघून गेली. त्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “आणि तुमची कशी आहे हो? बीपीवाल्यांनी किडनी तपासावी. तपासता ना?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.